हात पोचला तो थोरला

आम्ही दोघे जुळे. पण गावाच्या लेखी मी थोरला, आणि सरकारच्या लेखी तर मी त्याच्यापेक्षा सबंध एका वर्षाने मोठा. खरं म्हणजे जगात आधी तो आला. सुईणीने त्याला घोंगडीत गुंडाळून बाजूला ठेवलं, तो भोकाड पसरून रडला, सुटले एकदाची असं म्हणून आईने डोळे मिटले, आणि मग सुईण म्हणाली, "आजून एक हाय." तो मी. मी रडलोदेखील नाही. तिने मला पायाला धरून उलटं केलं, पाठीवर थापट्या मारल्या, तेव्हा कुठे मांजराच्या पिलासारखा आवाज निघाला म्हणतात. आमच्याकडे जुळ्यांबद्दल एक समजूत आहे, मागून आला तो थोरला. पोत्यात आधी टाकलेलं धान्य शेवटी निघतं, तसा आत आधी जाऊन बसलेला शेवटी बाहेर येतो. या हिशेबाने मी जन्मतःच थोरला झालो, आणि पुढे शाळेने त्यावर शिक्का मारला. आता सगळे दात पडल्यावर मी हे लिहायला बसलो आहे, ते मन हलकं व्हावं म्हणून नाही. ते होत नाही, हे मला कळून चुकलं आहे.

आमचं गाव बीड जिल्ह्यातल्या शिरूरच्या बाजूचं, माळावरचं. आम्ही धनगर. शेती नावापुरती, जीव सगळा मेंढरांत. राज्य निजामाचं होतं, पण गावात राज्य म्हणजे पाटील, आणि कधीमधी घोड्यावरून येऊन कोंबडं खाऊन जाणारा एखादा अंमलदार. आमची वस्ती गावाबाहेर, मेंढवाड्याला लागून. आई, वडील, चुलता आणि आम्ही दोघे.

मी जन्मलो तोच मरायला टेकलेला. मला दूध ओढायची ताकद नव्हती, म्हणून माझ्या वाट्याचंही तोच प्यायचा आणि टम्म फुगायचा. हे मी मुद्दाम सांगतो. त्याच्याकडून मला येणं निघतं असं आयुष्यात एवढंच काय ते आहे, आणि तेही त्याचा दोष नव्हता. काही महिन्यांत मला तापाने धरलं. वडिलांनी देवऋषी आणला. त्याने आम्हा दोघांकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट करून आईला म्हणाला, "ह्याच्यापाशी द्यायला काय हाय? ह्यो तर रिकामाच आलाय. ज्याच्यापाशी हाय त्याच्याकडनं देवाला द्या."

म्हणून आईने बिरोबाला नवस बोलला. हा जगला, तर ह्याच्या भावाचं जावळ तुझ्याच पायाशी काढीन, बकरं कापीन, सगळी भावकी जेवू घालीन, आणि तोवर त्याच्या केसाला लोखंड लावणार नाही. भावाच्या टाळूवरच्या लवीत तिने हळकुंडाचा तुकडा दोऱ्याने बांधला. तो दोरा सोडायचा तो मामाने, जावळाच्या दिवशी, मांडीवर घेऊन. माझं स्वतःचं जावळ मात्र वर्षाच्या आतच घरच्या घरी उरकलं, तापात डोकं हलकं असावं म्हणून. माझ्या केसांचं देवाला काही पडलेलं नव्हतं.

मी जगलो. पण नवस बोलायला तोंड पुरतं, फेडायला दिवस यावा लागतो. आमच्याकडे जावळ, पुरी झालेली वर्षं मोजून, विषम वर्षातच निघतं, पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या. पहिल्या वर्षी मी अजून मान टाकत होतो, तेव्हा जगला असं म्हणायची आईची छाती होईना. तिसऱ्या वर्षी मेंढरांत रोग शिरला आणि अर्धा वाडा रिकामा झाला. पाचव्या वर्षी चुलता गेला, मग वर्षभर भावकीत कुणाला गोडधोड नाही. सहावं वर्ष समच. म्हणजे भावाच्या डोक्यावर सहा वर्षांचे केस, त्यांना कधी फणी लागलेली नाही. आई रिठ्याच्या पाण्याने वरवर धुवायची. त्यांचा गुंता होऊन टाळूच्या मधोमध कवठाएवढा टणक बुचडा झाला होता. गावातली पोरं त्याला गोसावी म्हणून चिडवायची. तो त्यांना धरून बडवायचा आणि मी त्याच्या पाठीमागे उभा राहून शिव्या घालायचो. आमची कामाची वाटणी ही अशी होती.

त्या साली वडिलांची मेंढरं कोंडवाड्यात गेली. गावच्या वरच्या अंगाला सरकारचा रमणा होता, गवत राखून ठेवलेला, आणि त्याच्या कडेला सरकारने नवी पाटी ठोकली होती. आत चारायला मनाई आहे, असं तीवर लिहिलेलं. वडिलांनी काय करावं, तर त्या पाटीच्या खांबाला घोडं बांधलं, तिच्याच सावलीत भाकरी सोडली आणि मेंढरं बिनघोर आत सोडून दिली. राखणदार आला तो बोंबलतच. "आंखां फूटे क्या तेरे? इत्ता बडा लिखेला दिखता नै?" वडील आम्हाला हे सांगताना त्याची नक्कल करायचे आणि आम्ही हसायचो, पण त्या दिवशी घरी आले ते मान खाली घालून. चुलीपाशी बसून आईला म्हणाले, "पोरं शाळंत घालायची."

"दोगं कावून?" आई म्हणाली. "एक घाला. एक मेंढरामागं ऱ्हाऊ द्या की."

"दोगंबी. एकच शिकला तर त्यो दुसऱ्याला येडा समजंल. भावाभावांत वाकडं येतंय तसल्यानं."

वडिलांना अक्षर येत नव्हतं, पण एवढं कळत होतं. मला पुढे सगळी अक्षरं आली, पण त्यांचं हे वाक्य मला नको तेव्हा आठवत राहिलं.

शाळा नवीनच निघाली होती. सरकारी भाषेत तिला तहतानिया म्हणत, गावात नुसतं मास्तराची खोली. चावडीला लागून एक पडवी, एक काळा फळा आणि एक मास्तर. नवी नावं घ्यायची ती सरकारी साल बदलून आजूर महिना लागला की, म्हणजे दसऱ्याच्या आगेमागे. पोर सहा वर्षांचं पुरं झालेलं पाहिजे, असा हुकूम होता. पण सहा पुरी झाली हे ठरवायचं कसं? कुणाची आई म्हणायची जोंधळा काढताना झाला, कुणाची म्हणायची म्हैस व्याली त्या साली. म्हणून साऱ्या मुलखात एकच माप चालायचं. पोराने उजवा हात डोक्यावरून, टाळूच्या मधोमध टाकायचा आणि डाव्या कानाची पाळी धरायची. धरली तर पोर सहाचं. नाही धरली तर कच्चं, पुढच्या साली या.

आम्ही निघालो त्या सकाळी आईने दोघांना न्हाऊ घातलं, एकाच मांजरपाटाच्या तुकड्यातून बेतलेले सदरे घातले, दोघांच्या हातावर दही ठेवलं. वस्तीपासून चावडी लांब. मला धाप लागायची, म्हणून अर्ध्या वाटेपासून भावाने मला पाठुंगळी घेतलं. त्याच्या बुचड्यावर हनुवटी टेकून मी शाळेत गेलो. रिठ्याचा आणि मेंढरांचा वास येत होता. ज्याने मला उचलून आणलं तो कच्चा ठरला आणि ज्याला उचलून आणलं तो पिकलेला, हे मी आजवर पुष्कळांना सांगितलं. लोक हसतात. मीही त्यांच्याबरोबर हसतो, आणि घरी आलो की मला जेवण जात नाही.

मास्तर बीडकडचा, वयाने तरणा. अंगात ढगळ कोट, बोलणं गोड. "नाव मागाहून," तो म्हणाला, "आधी हात." मी पुढे झालो. आजारपणाने माझं डोकं बारीक राहिलं होतं, मान काडी, आणि हात तेवढे लांबच लांब. हात टाकला तो थेट कानाच्या खाली गेला. मास्तर म्हणाला, "वा, हा तर केव्हाचा सहाचा. इतके दिवस घरी का ठेवला?"

मग भाऊ. तो माझ्याहून बोटभर उंच, छातीला रुंद. त्याने मोठ्या ऐटीत हात टाकला आणि तो बुचड्यावर चढून थांबला. बोटं कानाच्या वर हवेतच वळवळत राहिली. त्याने हात बुचड्याच्या पुढून, कपाळावरून घेतला, तर कान सहज लागला. मास्तराने हात उचलून मागे ठेवला. त्याने मागून, मानेवरून घेतला. मास्तर म्हणाला, "टाळूवरून रे बाळा. पुढून नाही, मागून नाही." तेव्हा भावाने डाव्या हाताने स्वतःचाच कान धरून वर ओढला, हाताला भेटवायला. मास्तर हसला. बसलेली पोरं हसली. मलाही हसू आलं.

वडील म्हणाले, "मास्तर, जुळे हायेत दोगं. एकाच दिवसाचे. ह्यो आला आन् पाठोपाठ त्यो."

"असतील हो. पण आमचा साहेब येतो तो तुमच्या सुईणीला विचारायला जात नाही. पोरांना ओळीनं उभं करतो आणि हात टाकायला लावतो. मागच्या साली त्यानं माझी पोरं उठवली आणि मलाही नको ते बोलला. हे केस सोडा की जरा. गाठ सुटली तर पोचेल."

वडिलांनी हात पुढे केला. बुचड्यात बोटं घातली. मला ते अजून दिसतं. त्यांची बोटं आत गेली, कशाला तरी लागली आणि विस्तव लागावा तशी मागे आली. आतलं हळकुंड त्यांच्या हाताला लागलं होतं. "न्हाई मास्तर," ते म्हणाले. "देवाचं हाय." मास्तरही कोपऱ्यातल्या सरस्वतीला हळदकुंकू वाहणारा माणूस. त्यानेही हात जोडले. म्हणाला, "मग देवाला मध्ये कशाला आणायचं? एका वर्षानं काय बिघडतंय. पुढच्या साली आणा."

एका वर्षाने काय बिघडतं, हे वाक्य मी नंतर स्वतः मास्तर झाल्यावर कुठल्याही आईबापाला कधी म्हटलं नाही.

राग कुणावर काढावा हे मला तेव्हापासून कळलेलं नाही. तरणेपणी मी मास्तरावर काढायचो. तो तर हुकमाचा ताबेदार. मग वडिलांवर काढला, की दोरा तोडला असता तर बिरोबा काय त्यांचा गळा धरणार होता? पण ज्या नवसाने एक पोर जगलं, तो नवस मोडून दुसरं पोर शाळेत बसवायचं, हे कुठल्या बापाने केलं असतं? दोरा तोडला असता आणि मी मेलो असतो, तर? मेलो नसतो, हे मला आज ठाऊक आहे. त्यांना ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. सगळीकडून फिरून राग माझ्याच दारात येऊन बसतो. मी काय केलं होतं? काही नाही. जगलो होतो, एवढंच. आणि हात लांब होते.

त्या दिवशी शाळा सुटेपर्यंत भाऊ बाहेर लिंबाखाली बसून राहिला. येताना पुन्हा मला पाठीवर घेतलं. वाटेत म्हणाला, "तुजा हात लागला कसा बे?"

"लांब हाय म्हून."

"माजाबी लागंल. ह्यो बुचडा निगू दे, मग बग."

त्या साली पाऊसपाणी बरं होतं आणि मेंढरं गावाभोवतीच राहिली. तो सकाळी मला शाळेत सोडायचा आणि तिथून मेंढरांकडे जायचा. संध्याकाळी न्यायला यायचा. मी शिकलेलं त्याला सांगायला लागलो की कानावर हात ठेवायचा. "तुज्याकडनं न्हाई. मास्तर शिकवंल तवा शिकंन." मला वाटायचं की हा आळशी आहे. तो आळशी नव्हता, त्याला ते उष्टं नको होतं. आपलं ताट आपल्यापुढे येणार आहे अशी त्याची खात्री होती. रोज मला पाठीवरून उतरवलं की शाळेच्या उंबऱ्यापाशी एकदा डोक्यावरून हात टाकून पाहायचा. तेवढ्या महिन्यांत हातही वाढला आणि बुचडाही वाढला. हसून निघून जायचा.

शिमगा झाला, आम्हाला सात पुरी झाली, विषम साल लागलं. चैत्रात नवस फिटला. बिरोबाच्या ठाण्यापुढे मामाने त्याला मांडीवर घेतलं, दोरा सोडला, न्हाव्याने वस्तरा लावला. बुचडा सबंध निघाला, एखादं टोपडं काढावं तसा. आईने तो पदरात झेलला. खालचं डोकं पांढरंफटक आणि केवढंसं. आम्ही सगळे बघतच राहिलो, कारण ते डोकं हुबेहूब माझंच होतं. बकरं कापलं, भावकी जेवली. आई पंगतीत वाढताना रडत होती आणि बायका म्हणत होत्या, नवस फिटल्याचं रडू आहे.

दुसऱ्या दिवशी तो मला पाठीवर न घेता निघाला. मला चालत यायला लावलं. डोक्याला हळदीचं तेल चोपडलेलं, अंगात तोच सदरा, आता आखूड झालेला. शाळेत शिरला तो तडक मास्तरापुढे. विचारलं नाही, सांगितलं नाही. उजवा हात डोक्यावरून टाकला आणि कान तर धरलाच, पण बोटं गालापर्यंत आली. तसाच उभा राहिला. मास्तरालाही आनंद झाला. त्याने त्याच्या तुळतुळीत डोक्यावर हात फिरवला. म्हणाला, "शाब्बास. आता काय अडचण नाही. आजूर लागला की पहिलं नाव तुझं."

"आजूर कवा?"

"दसऱ्याला रे. मधल्या महिन्यात नाव घालायचा हुकूम नाही."

भावाने हात खाली घेतला. मला म्हणाला, "येतो बे," आणि गेला. त्या वेळी मी पाटीवर बाराखडी काढत होतो. पुढचं सबंध मी चुकलो, मास्तराने कान उपटला, आणि मला बरं वाटलं. का वाटलं हे तेव्हा समजलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात मात्र पावसाने तोंड दाखवलं नाही. पोळ्याच्या आतच माळावर काडी उरली नाही. एरवी मेंढरं दिवाळीनंतर गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या काठी, उमापूरच्या अंगाला जायची, कारण गंगथडीचे शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. त्या साली वडिलांना दसऱ्याच्या कितीतरी आधी निघावं लागलं. चुलता असता तर तो गेला असता. एकट्या माणसाला मेंढरांचा वाडा हाकता येत नाही, पुढे एक आणि मागे एक लागतोच. वडिलांनी आम्हा दोघांकडे पाहिलं. मी शाळेचा आणि धापेचा. विचारायचा प्रश्नच नव्हता.

निघताना घोड्यावर बिऱ्हाड बांधलं. भावाच्या डोक्याला वडिलांचं जुनं पागोटं गुंडाळलेलं, डोळ्यांवर येणारं. मी म्हटलं, "आजूर लागायच्या आत ये." तो म्हणाला, "तू मास्तराला सांग. माजी जागा धरून ठेव." आणि मग पहिल्यांदाच ते बोलला, हसत हसत, "ध्यान ठेवा, थोरले."

मी मास्तराला सांगितलं. जागाही धरून ठेवली. माझ्या शेजारी पोत्याच्या तुकड्यावर कुणी बसायला आलं की मी चावायचो. आजूर लागला, नवी नावं झाली, आजूर संपला. मेंढरं परत आली तोवर माळावर पुन्हा हिरवळ धरली होती. पुढच्या आजूरला तो गावात होता. वडिलांनी त्याला विचारलंही, खोटं कशाला बोलू. पण एव्हाना मेंढरं त्याच्या शिट्टीला वळत होती आणि वडिलांच्या गुडघ्यात वारं शिरलं होतं. शाळेत सहाची नवी पोरं भरली होती, त्याच्या कमरेला लागणारी. तो म्हणाला, "आता लेकरात बसू का?" एवढ्यावर विषय मिटला. रागावला नाही, रडला नाही. तो रडला असता, मला दोन ठेवून दिल्या असत्या, तर मी त्याच्यापासून सुटलो असतो.

आईने त्यानंतर कधी नवस बोलला नाही. पुढे मी बीडला शिकायला निघालो तेव्हा माझ्या फडक्यात भाकरी बांधता बांधता म्हणाली, "मी तुला मागून घेतला, आन् त्याला देऊन बसले." मी म्हणायला हवं होतं, तसं नाही गं आई. पण तसंच होतं. मी भाकरी उचलली आणि चालू लागलो.

मी मास्तर झालो. आमच्या भागातल्या चार गावांत फिरलो. तोच हुकूम, तेच माप. पण पागोटं असो, टोपडं असो, शेंडी असो, मी आधी डोकं मोकळं करायला लावायचो. नवसाचा बुचडा असला तर स्वतः उठून पोराच्या केसांत बोटं घालून खालचं डोकं चाचपायचो आणि म्हणायचो, इथून धरायचं, वरचं देवाचं, ते मोजायचं नाही. साहेब एकदा त्यावरून भडकला. मीही त्याच्यावर भडकलो. माझा स्वभाव तापट, त्यापायी माझी बदली होत राहिली. लोक म्हणायचे की मास्तर पोरांसाठी भांडतो. लोकांना काय जातं म्हणायला.

भाऊ दर साली मेंढरं कातरली की एक घोंगडी घेऊन यायचा. मी मास्तर झाल्यापासून त्याने मला तू म्हणणं सोडलं होतं. तुमी, थोरले, असं. मी एकदा चिडून म्हटलं, "बे म्हण की पहिल्यासारखं." तो म्हणाला, "लोकांत बरं दिसत न्हाई." मग एकदा, आम्ही दोघेच ओट्यावर बसलो असताना, मी धीर करून विचारलं, "तुला कधी वाईट वाटलं का रे?"

त्याने कशाबद्दल म्हणून विचारलं नाही. चिलीम झटकली. म्हणाला, "मेंढरं बरी हायेत की. कुटं पाटी दिसली तर थांबतो आन् कुनाला तरी इचारतो, काय लिवलंय." मग चिलीम पुन्हा भरायला घेतली. "इचारायला लाज वाटती, येवढंच."

मला वाटलं की एवढंच असेल. माणूस आपल्या सोयीचं तेवढं ऐकतो. मग त्याला मुलगा झाला. पोर सहाचं झालं तेव्हा त्याला घेऊन तो मी मास्तर होतो त्या गावी आला, माझ्या शाळेत. मी सवयीने पोराच्या डोक्यावरची टोपी काढली. खाली बारीक कापलेले केस. मी म्हटलं, "ह्याचं जावळ कधी केलं? आम्हाला बोलावणं नाही ते."

त्याची बायको दाराशी उभी होती, ती बोलली. "बोलावतील कशाला? म्हैन्याचं व्हतं लेकरू. घरात कुनी न्हाई बगून मेंढराची कातर घितली आन् कातरून टाकलं. ना मामा, ना देव. भावकी वरीसभर बोलत नव्हती आमच्याशी."

मी भावाकडे पाहिलं. तो पोराचा हात धरून त्याच्या डोक्यावरून टाकत होता, टाळूच्या मधोमध, आणि कानाची पाळी त्याच्या बोटांत देत होता. वर बघेना. देवाला भिणारा माणूस होता तो, आयुष्यभर बिरोबाच्या ठाण्यावर पहिली धार वाहणारा. त्याने महिन्याच्या पोराच्या टाळूवर मेंढराची कातर चालवली होती. मी पोराचं नाव लिहिलं. पहिल्यांदा चुकलं, ते खोडून पुन्हा लिहावं लागलं.

निजामाचं राज्य गेलं, मी निवृत्त होऊन घरी आलो, आणि एका उन्हाळ्यात भाऊ गेला. मेंढरांमागून आला, पाणी मागितलं आणि आडवा झाला. दहाव्याला आम्ही सिंदफणेच्या काठी बसलो. न्हावी वस्तरा लावून बसला होता. आमच्याकडे मेलेल्याचे मुलगे आणि धाकटे भाऊ डोकं करतात. थोरल्या भावाने धाकट्यासाठी करायचं नसतं. त्याच्या मुलाचं झालं, भावकीतल्या धाकट्या चुलतभावांची झाली. मी उठून न्हाव्यापुढे बसलो, तर भावकीतले एक म्हातारे म्हणाले, "मास्तर, तुमाला न्हाई लागत. तुमी थोरले."

"मागून आलते न्हवं ते," दुसऱ्याने दुजोरा दिला. "आन् शाळंतबी त्यांचंच नाव लागलं. सरकारनंच थोरलं केलंय."

मी टोपी काढली. कितीतरी वर्षांत मी घरची भाषा बोललो नव्हतो, शाळेतलीच बोलायचो. पण ते तोंडातून आलं तसं आलं. "हात पोचला म्हून नाव लागलं. धाकला मी हाय."

न्हावी भावकीकडे बघत राहिला. मी म्हटलं, "बगतूस काय बे, पानी लाव." त्याने पाणी लावलं. पांढरे केस मांडीवर पडू लागले. माझ्या जिवासाठी त्याने सात वर्षं केस वागवले होते. माझे उतरवायला न्हाव्याला चिलीम ओढण्याइतकाही वेळ लागला नाही.